काढून टाकलेली तळटीप

मागच्या पावसाळ्यात एकदा रात्री उशिरा भाचीचा फोन आला. पेपर परत आलाय म्हणाली, किरकोळ बदल सांगितलेत. तिचं संशोधन धुळे जिल्ह्यातल्या पांझरेकाठच्या फड पद्धतीवर आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, आणि पाणी द्यायला-राखायला पाटकरी, जागल्या, बारेकरी अशी गावाने नेमलेली माणसं. साक्रीकडच्या माणसाला हे सांगायची गरजच नाही. तर तिने या पेपरमध्ये एका स्थानिक इतिहास मंडळाच्या जुन्या त्रैमासिकात छापलेला निवाडा वापरला होता, पाटाच्या पाण्यावरून दोन गावांत झालेला तंटा, कोणी कोणाची पाळी मोडली, रात्री पाट कोणी फोडला, मग दोन्हीकडचं गोत, म्हणजे गावची निवाडा करणारी सभा, बसून काय ठरलं ते सगळं. तपासणाऱ्यांचा शेरा असा की हे नियतकालिक मान्यताप्राप्त यादीत नाही, त्याऐवजी प्रमाण ग्रंथाचा संदर्भ द्यावा. गाइड सर म्हणाले, वाद कशाला घालतेस, बदलून टाक. तिने बदलला. एका मोठ्या प्रकाशनाचा इंग्रजी ग्रंथ मिळाला, त्यात तोच तंटा अर्ध्या परिच्छेदात उरकलेला. आणि त्या अर्ध्या परिच्छेदाखालची तळटीप तिने उघडून बघितली तर तिथे तेच त्रैमासिक, तोच अंक, तेच पान. "मावशी, म्हणजे त्यांना चालतं आणि मला चालत नाही?" एवढंच विचारलं तिने, चिडूनसुद्धा नाही.

पेपर छापून आला. त्या तळटिपेशिवाय.

मला हे इतकं का लागलं याचा मी बरेच दिवस विचार करतेय. एक कारण सरळ आहे, आमच्या घरात ही त्रैमासिकं येत होती. बाबा हायस्कूलला इतिहास-भूगोल शिकवायचे आणि पगारातून जी दोन-तीन वर्गण्या न चुकता जायच्या त्यातली एक ही. अंक बुक पोस्टाने यायचा, पाठीवर खाकी कागदाची पट्टी गुंडाळलेली आणि तिच्यावर जांभळ्या शाईत आमचा पत्ता, तोही अर्धवट पुसलेला. बाबा ती पट्टी फाडायचे नाहीत, पातळ सुरीने कडेने सोडवायचे आणि तिचीच खूण करून अंकात ठेवायचे. कागद स्वस्तातला, वर्ष-दोन वर्षांत चहासारखा पिवळा व्हायचा, पिनांना गंज चढून मधल्या पानांवर तांबूस डाग उतरायचे, आणि पावसाळ्यात कपाट उघडलं की दमट कागद, डांबरगोळी असा काहीतरी मिसळून वास यायचा. मला तो वास आवडायचा असं आता सगळे म्हणतात तसं मी म्हणणार नाही, लहानपणी मला तो अजिबात आवडायचा नाही, पण आजही कुठल्या जुन्या लायब्ररीत तो आला की मी आपोआप मागची पानं उलटायला लागते. कारण बाबा अंक मागून वाचायचे. पुढे मोठमोठे लेख असायचे, आणि शेवटी बारीक टायपात 'टिपणे', 'पोच', 'शुद्धिपत्र'. ते म्हणायचे, खरा माल मागे असतो.

आणि तो खरंच मागे असायचा. कोणी पोस्टमास्तर, कोणी निवृत्त तलाठी, कोणी शाळामास्तर, कोणी देवळाचा गुरव लिहितोय की अमक्या गावच्या वेशीजवळ धुणं धुवायच्या दगडावर अक्षरं आहेत, ठसा सोबत जोडला आहे, जाणकारांनी वाचावा. बस्स. ना प्रस्तावना, ना निष्कर्ष. अर्ध्या पानाचं टिपण, खाली नाव-गाव. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या अंकात कोणीतरी वाचन पाठवलेलं असायचं, त्यानंतर आणखी कोणी त्यातला एक शब्द दुरुस्त करायचा. दगड तिथेच, त्याच्यावर धुणं चाललेलंच, पण अक्षरं आता कागदावर आलेली. त्यानंतर रस्ता रुंद झाला आणि दगड बुलडोझरखाली गेला तरी गेला तो दगड, लेख राहिला.

महजर, म्हणजे गोतसभेने दिलेल्या निवाड्याचा कागद, पहिल्यांदा मी अशाच एका अंकात बघितला. तंटा कसला होता ते विसरले, पाटीलकीचाच असणार, बहुतेक पाटीलकीचेच असतात. पण 'हाजीर मजलस' म्हणून जी नावांची रांग लागते ती बघून मी चकित झाले होते. देशमुख, देशपांडे, मग आजूबाजूच्या गावांचे पाटील, मग शेटे-महाजन, मग बलुतेदार, प्रत्येकाचं नाव आणि ज्याला सही येत नाही त्याची निशाणी. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा. संपादकांनी त्या निशाण्यांचे छोटे ब्लॉक करून घेतले होते, खर्च करून, नावागणिक. मोठ्या ग्रंथात हाच महजर आला असता तर एका वाक्यात आला असता, 'स्थानिक गोतसभेने अमक्याच्या बाजूने कौल दिला'. वाक्य चुकीचं नाही. पण त्यात तो आरसा नाही. त्या गावात त्या वर्षी त्या नावाचा न्हावी होता, तो त्या दिवशी पारावर येऊन बसला होता, त्याचं म्हणणं विचारलं गेलं आणि त्याने कागदावर आपला आरसा उमटवला, याला पुरावा म्हणून जगात कदाचित तेवढं एक पान आहे. मूळ कागद ज्या घरी होता ते घर पडलं, दप्तर, म्हणजे जुन्या कागदांचं रुमालात बांधलेलं गाठोडं, माडीवरून खाली आलं, मग कुठे गेलं ते घरातल्यांनाही माहीत नाही.

आपल्याकडे हे छापून टाकायचं वेड जुनं आहे. १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू झालं ते याच पोटतिडकीतून. कसर लागतेय, वाळवी लागतेय, तर जे हाताला लागेल ते आधी छापा, अर्थ लावणारे मागून येतील. दहा वर्षं ते चाललं. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवायचे आणि पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वाचून छापायचे, १८९७ पासून जे लागले ते मरेपर्यंत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, पानिपतच्या काळातली पत्रं, वाईला मिळालेली. एकट्याच्या खांद्यावर हे किती दिवस पेलणार, म्हणून मग मंडळं निघाली. ७ जुलै १९१० ला पुण्यात राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पुढे राजवाडे तिथून बाजूला होऊन धुळ्याला गेले, १९२६ च्या शेवटच्या दिवशी तिथेच वारले आणि त्यांच्या मागे धुळ्याच्या लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं, त्याचं त्रैमासिक 'संशोधक'. नागपूरला विदर्भ संशोधन मंडळ, वा. वि. मिराशींसारखा माणूस त्याच्या मागे. यवतमाळला शारदाश्रम. मुंबईला अ. का. प्रियोळकरांनी उभं केलेलं मराठी संशोधन मंडळ आणि त्याची पत्रिका. पार तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयाच्या जर्नलातसुद्धा मोडी लिपीतले जुने कागद छापून येत होते. ही यादी मी मुद्दाम भराभर सांगितली, कारण यातली मोठी नावं कोणाला ना कोणाला माहीत असतात, मला अडकायला होतं ते त्यांच्या अंकांत एकदा-दोनदाच लिहिणाऱ्या माणसांपाशी.

एक उदाहरण मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९ फेब्रुवारी. त्या दिवशी सुट्टी असते, चौकाचौकात पोवाडे लागतात, गडांवरून ज्योती निघतात. शिवाजी महाराजांचा जन्म कितीतरी वर्षं शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ चा मानला जायचा. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली, म्हणजे सालवार घटनांची यादी, होती, ती त्यांनी लोकमान्य टिळकांकडे दिली आणि टिळकांनी ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली. त्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद. पुढे दुसरे पुरावे जुळत गेले, वाद झाले, अजूनही होतात, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. म्हणजे ज्या तारखेला आज अख्खा महाराष्ट्र रस्त्यावर उतरतो ती पहिल्यांदा छापून आली ती एका मंडळाच्या वार्षिक जमावाच्या वृत्तांतात. एका घराने दप्तर सांभाळलं, एका माणसाने वाचलं, एका मंडळाने छापलं. आजच्या नियमाने ते संमेलनवृत्त कुठल्या यादीत बसलं असतं?

हे मी टाळ्या घ्यायला विचारत नाहीये. यादी करणाऱ्यांची अडचण मला कळते. दर तीन महिन्यांनी कोणीही काहीही छापेल आणि त्याला संशोधन म्हणायचं का, हा प्रश्न खरा आहे, आणि कुठलाही लेख दोन जाणकारांनी आधी वाचावा हे चांगलंच. पण या मंडळांमध्ये वाचन-तपासणी नव्हती असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्याच्या मंडळाच्या पाक्षिक सभांबद्दल वाचलेलं नसावं. टिपण आधी सभेत वाचायचं. समोर बसलेले लोक कोण, तर द. वा. पोतदार, ग. ह. खरे, ज्यांनी उभी हयात त्या दप्तरांत घालवली अशी माणसं, आणि शेजारी कुठलातरी पेन्शनर ज्याला एका परगण्याची खडानखडा माहिती. यांच्यासमोर एखादी तारीख चुकली तर तिथल्या तिथे कान पकडला जायचा. आणि छापून आल्यावर पुढच्या अंकात खंडन. खंडनाला उत्तर. उत्तराला परिशिष्ट. कधीकधी ते वैयक्तिक पातळीवर जायचं, वाचताना आज कसंतरी होतं, पण चूक लपून राहायची नाही.

आमच्या कपाटातल्या एका अंकातलं शुद्धिपत्र माझ्या डोक्यातून जात नाही. दोनच ओळी. मागच्या एका अंकातल्या पत्राच्या तारखेत 'सलास' छापलंय तिथे 'समान' वाचावे. ज्यांना सुहूर सनाची, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी आकड्यांनी लिहिलेल्या सनाची, सवय नाही त्यांच्यासाठी सांगते, सलास म्हणजे तीन, समान म्हणजे आठ, सबैन म्हणजे सत्तर आणि अलफ म्हणजे हजार. सलास सबैन अलफ म्हणजे १०७३, आपलं १६७२-७३. समान सबैन अलफ म्हणजे १०७८, आपलं १६७७-७८. मधे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला! ज्या पत्रावरून लोक राज्याभिषेकाच्या आधी काय चाललं होतं ते सांगत असतील ते पत्र या दोन ओळींनी उचलून राज्याभिषेकाच्या पलीकडे नेऊन ठेवलं. आणि ही दुरुस्ती कोणी केली, तर मूळ पत्र ज्यांनी वाचून पाठवलं होतं त्यांनीच, खाली त्यांची आद्याक्षरं आहेत. कागद पुन्हा उजेडात धरून बघितला असणार, मोडीच्या वळणात फसगत झाल्याचं लक्षात आलं असणार, आणि गप्प बसता आलं असतं तरी कार्ड टाकलं. मला वाटतं यापेक्षा मोठी तपासणी नसते. आता गंमत बघा, ज्या अंकात मूळ पत्र आलं तो अंक कोणीतरी स्कॅन करून नेटवर टाकलेला आहे, मी बघितलाय, पण शुद्धिपत्राचा अंक नाही. त्यामुळे 'सलास'च फिरत राहणार.

आता मनात दुसरी बाजूही आहे आणि ती लिहिली नाही तर मी प्रामाणिक राहणार नाही. या त्रैमासिकांत कोणाचे कागद छापले गेले? ज्यांच्याकडे कागद होते त्यांचे. देशमुख, कुलकर्णी, इनामदार, मठ, देवस्थानं. ज्यांच्या घरात दप्तर बांधायला रुमाल होता आणि ते ठेवायला माडी होती. लिहिणारेही बहुतेक त्यातलेच, आणि काही लेख वाचताना स्पष्ट जाणवतं की हा माणूस इतिहास लिहीत नाहीये, आपल्या घराण्याचा मान मोजतोय. जातींबद्दल कितीतरी ठिकाणी असं लिहिलंय की आज ते वाचून मान खाली जाते. बायका तर वंशावळीतसुद्धा नसतात, असल्याच तर सती गेलेली किंवा दत्तक घेणारी. वर्षानुवर्षांचे अंक चाळताना बाईच्या नावाचा लेख दिसला की मी थांबून पुन्हा वाचते, इतका तो विरळा. भाचीशी याच्यावर माझे वाद होतात. ती म्हणते, हे सगळं वरच्यांनी वरच्यांसाठी ठेवलेलं आहे. मी म्हणते, हो, पण त्यांनी मूळ कागद जसाच्या तसा छापला हे आपलं नशीब, कारण लेखकाला त्यात काय दिसलं ते त्याच्यापाशी, तुला त्यात दुसरं दिसतं. त्याने पाटीलकी कोणाकडे गेली ते बघितलं, तू साक्षीला बसलेल्या महारांचं म्हणणं बघतेस, पाणी फोडलं म्हणून दंड कोणाला झाला आणि कोणाला नाही ते बघतेस. नुसता निष्कर्ष छापला असता तर तुझ्या हाती काही लागलं नसतं. ती यावर गप्प बसते, पण पटलं असं म्हणत नाही, आणि मलाही वाटतं की तिने लगेच पटवून घेऊ नये.

मान्यतेचं जे झालं ते मात्र फार वाईट झालं. आधी प्राध्यापकांच्या छापून आलेल्या लेखांना पॉइंट द्यायची पद्धत आली, मग २०१९ मध्ये यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, केअर लिस्ट आली, मान्य नियतकालिकांची यादी. त्या यादीत काही जुन्या मराठी नियतकालिकांची नावं लागली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कोणीतरी शेवटी यांच्याकडे बघितलं म्हणून. पुढे काय झालं ते प्राध्यापकीत असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्यांनी आयुष्यात ते त्रैमासिक हातात धरलं नव्हतं ते लेख घेऊन रांगेत, विशेषांकांवर विशेषांक, पुरवण्यांवर पुरवण्या, जुन्या नावांच्या नकली वेबसाइट निघाल्या आणि पैसे घेऊन सर्टिफिकेटं द्यायला लागल्या. आणि मग फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीच बंद. आता म्हणे संस्थांनी आपापलं ठरवायचं. म्हणजे ज्या काळात मान होता तेव्हा तो आकड्याचा होता, आणि आकडा गेल्यावर मानही गेला. भाचीच्या पेपरला जो शेरा आला तो याच मधल्या काळातला, यादी गेलेली पण यादीची भीती अजून खुर्च्यांवर बसलेली.

या सगळ्यात अशा त्रैमासिकांचे संपादक कुठे असतात? मी एकांना ओळखते, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मंडळाच्या खोलीत एक टेबल, एक ट्यूब, भिंतीला लोखंडी रॅक, त्यावर लाल रुमालांत बांधलेली दप्तरं. ते प्रुफं पट्टी धरून वाचतात. प्रत्येक ओळीखाली स्टीलची पट्टी सरकवत, ओठ हलवत. मोडीचं लिप्यंतर आलं की मूळ कागदाचा फोटो शेजारी आणि अक्षर न् अक्षर ताडून बघणार, 'पै॥' च्या दोन दंडांपैकी एक जरी उडाला तरी पेन्सिलने गोल. डीटीपीवाला पोरगा वैतागतो, युनिकोडमध्ये ही चिन्हं नीट येत नाहीत काका म्हणतो, आणि काका म्हणतात, मग हाताने काढू आणि फोटो लावू, पण उडवायचं नाही. या कामाचे त्यांना कोणी पैसे देत नाही. उलट कागदाचे भाव वाढले की तेच दोन ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून पान-अर्धं पान जाहिरात मागतात. २०२४ च्या डिसेंबरात पोस्टाने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केली, तेव्हा अंक पाठवायचा खर्च कसा बसवायचा याचा हिशेब त्यांनी पाकिटाच्या मागे मांडून मला दाखवला होता. तक्रार नव्हती, नुसता हिशेब. मी म्हटलं काका, पीडीएफच पाठवा ना सगळ्यांना. ते म्हणाले, पाठवतोच, पण गावाकडचे जे सभासद कागद काढून देतात ना, त्यांना छापलेला अंक हातात द्यावा लागतो. त्यात त्यांच्या आजोबांचं नाव असतं. तो अंक ते पाहुण्यांना दाखवतात आणि मग पाहुणा म्हणतो आमच्याकडेही एक पेटी आहे.

हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. मी मान्यता म्हटलं की विद्यापीठ, यादी, तळटीप असाच विचार करत होते, आणि इथे मान्यता उलट दिशेने वाहत होती, त्रैमासिकाकडून गावाकडे. पेटी उघडते ती विश्वासावर. कुठल्या मोठ्या विद्यापीठाचा माणूस जीप घेऊन आला तर लोक चहा देतात आणि कागद नाहीत म्हणून सांगतात, कारण एकदा गेलेली दप्तरं परत न आल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. पण ज्या मंडळाच्या अंकात शेजारच्या गावचा कागद छापून आला आणि मूळ कागद परत घरी आला, त्या मंडळाला पेटी उघडून मिळते. हे भांडवल कुठल्या निकषात बसवणार? आणि ते एकदा तुटलं की कितीही अनुदान आलं तरी पुन्हा उभं राहत नाही.

हल्ली किल्ल्यांवर, वीरगळांवर, शिलालेखांवर पोरं व्हिडिओ करतात, मला ते मनापासून आवडतं, उन्हातान्हात कुठेकुठे चढून जातात आणि लाखो लोकांना दाखवतात. पण शिलालेखाचं वाचन स्क्रीनवर येतं तेव्हा ते वाचलं कोणी याचं नाव खाली नसतं. जणू दगड स्वतःच देवनागरी टायपात बोलला. एकाला मी कॉमेंटमध्ये लिहिलं होतं की हे वाचन अमक्या त्रैमासिकात तमक्यांनी केलेलं आहे. त्याने लगेच आभार मानून डिस्क्रिप्शनमध्ये घातलं, पोरगा चांगला होता, त्याला कुठून कळणार, त्याने ते एका पुस्तकातून घेतलेलं आणि पुस्तकवाल्याने नाव दिलं नव्हतं. मला राग येतो तो त्या पुस्तकवाल्यांचा. पंचवीस घटकांचं कडबोळं करून जाडजूड ग्रंथ काढायचा, शेवटी संदर्भसूचीत 'विविध नियतकालिके' असं दोन शब्दांत सगळ्यांना बसवायचं. विविध नियतकालिके! ज्याने पाय मोडेस्तोवर हिंडून तो दगड शोधला, ठसा घेतला, स्वतःच्या पैशाने पोस्टाने पाठवला, तो 'विविध'मध्ये.

भाचीला मी सांगितलं की पुस्तक होईल तेव्हा मूळ संदर्भ परत घाल. ती म्हणाली घालणारच, आणि अंक-पान एवढंच नाही, ज्यांनी निवाडा वाचून पाठवला त्यांचं पूर्ण नाव आणि गावही घालणार. तिने त्यांच्या गावी जाऊन चौकशी केली. घर सापडलं, नातसून होती, तिला सासऱ्यांकडून ऐकून माहीत होतं की आजोबांना जुने कागद वाचायचा नाद होता, पण काही छापून आलंय हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. भाचीने मोबाइलवर ते पान दाखवलं. त्या बाईंनी आधी चष्मा शोधला, मग नाव वाचलं, आणि मग मुलाला हाक मारली.

आता आम्ही दोघी मिळून एक काम करतोय, धीम्या गतीने, सुट्टीच्या दिवशी. आमच्या कपाटातल्या आणि ओळखीच्यांकडच्या अंकांची सूची. लेखाचं नाव आणि लेखक एवढी नाही, तशा सूच्या थोड्याफार असतात, तर आत छापलेल्या प्रत्येक कागदाची, गाव कोणतं, तालुका कोणता, मूळ कोणाकडे होता, तारीख कुठल्या सनात दिलीय, आणि पुढे कुठे दुरुस्ती आली का. साधी एक्सेल शीट आहे. सगळ्यात त्रास गावांच्या नावांनी दिलाय, एकाच नावाची चार गावं, त्यात धरणाखाली गेलेली, नाव बदललेली. आणि निनावी टिपणांनी. आद्याक्षरं असतात, कधी तीही नसतात, नुसतं 'एक सभासद'. भाची म्हणते लेखकाचा रकाना रिकामा नको ठेवायला, शोधून काढू, त्या वर्षीची सभासदांची यादी त्याच अंकात मागे छापलेली असते, त्यावरून गाव जुळवता येईल. दोन-तीन सापडलेतही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, शाळेच्या लायब्ररीत, वाचनालयाच्या माळ्यावर असे अंक असतील, कुठल्याही जिल्ह्याच्या मंडळाचे, कितीही फाटके, तर कृपा करून देऊन टाकायच्या आधी फोटो काढा. मुखपृष्ठाचा काढलात तर चांगलंच, पण आधी मागची पानं काढा, टिपणे, पोच, सभासदांची नावं आणि शुद्धिपत्र. स्कॅन करणारे नेमकी तीच पानं जाहिराती समजून सोडून देतात.